रूपरावाचं बिनदवाखान्याचं साल

रूपरावाले जितके साप डसले, तितके आमच्या जिल्ह्यात कोण्या माणसाले डसले नसतीन. पावसाळ्यात डसत, उन्हाळ्यात डसत, आन पूसाच्या थंडीत, जवा सगळे साप बिळात गप पडून राहतात, तवाही डसत. लोक त्याले बंडीत टाकून आणत, दवाखान्याच्या ओट्यावर निजवत आन म्हणत, "रामबाई, जनावर डसलं याले. साहेबाले बोलाव." मी म्हणायची, "कोणतं जनावर बाप्पा? मडक्यातलं का शिशीतलं?" आणणारे दुसरीकडे पाहत आन मिशीतल्या मिशीत हसत.

मी रामबाई. जनपदच्या, म्हणजे सरकारी, दवाखान्यात आया हाये. हिंगणघाटकडे जाणाऱ्या सडकेवर आमचं गाव, आन गावाच्या तोंडाशीच दवाखाना. दोन खोल्या, एक ओटा, समोर कडूनिंब. एक डॉक्टरसाहेब, एक कंपौंडर आन मी. झाडणं-पुसणं, पट्ट्या उकळणं, बाळंतीण आली तं तिच्यापाशी बसणं, हे सारं माह्याकडे. आन एक काम असं होतं का ते मले कोणी नेमून देल्लं नव्हतं, आपोआप माह्या गळ्यात पडलं. ते म्हणजे तोंडाचा वास घ्याचं.

तवा आमच्याकडे दारूबंदी होती. म्हणजे दुकान नव्हतं, दारू होतीच. नाल्याच्या काठानं कोठी ना कोठी धूर निघतच राहे. पेलेला माणूस दवाखान्यात आला तं साहेबाले चौकीवर कळवा लागे, मंग चौकीवाले येऊन त्याले घेऊन जात. म्हणून गावानं तोड काढली. पेऊन पडला, झटके आले, रक्त ओकला, नालीत पडून डोकं फुटलं, काईही हो, सांगाचं का जनावर डसलं. सापाचं चौकीवर कळवा लागत नाई. साहेब भला माणूस, त्याले कोणाले धरून द्याची हौस नव्हती. पण खरंच जनावर डसलं असन तं सुई टोचा लागे, आन ते सुई आमच्या दवाखान्यात एखादीच राहे. मंग तो जेवता जेवता आतूनच विचारे, "रामबाई, वास?" मी म्हणायची, "हाये साहेब." मंग तो सावकाश हात धुऊन येई, मिठाचं पाणी पाजे, पोट मोकळं करे, कोपऱ्यातली खाट देई. आन कदी मी "वास नाई" म्हटलं तं तो ताट तसंच सोडून धावत निघे.

वास मले कसा कळे म्हणसान, तं आम्ही गोंड लोक. देवाच्या कामाले आमच्यात मोहाची लागते. तो वास मले लहानपणापासून ओळखीचा हाये, माह्या मायच्या लुगड्याचा राहे तसा. त्याच्यासाठी काई शिकून या लागलं नाई.

आता रूपरावाचं सांगतो. शेतकऱ्याच्या घरचा, जमीन थोडी, कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या जिनात कामाले जाये. उंच, थोडा पाठीत वाकलेला, बोलणं मऊ. हात मात्र त्याचे असे का अंबाडीची सुतळी वळावी तं त्यानंच. गावातल्या अर्ध्या खाटा त्याच्या विणलेल्या. दवाखान्यात आणला का आधी बेशुद्ध पडून राहे, मंग डोळे उघडले का पयली गोष्ट, "मावशी, विमल आली का?" आन दुसरी गोष्ट, "हे खाट लय ढिली हाये." मंग उठून बसे, हात लटलट कापत, तरी पायथ्याची दावण, खाट ताणाची दोरी, ओढू ओढू कसे. दवाखान्यातल्या साऱ्या खाटा त्यानं अशाच पडल्या पडल्या कसून ठेवल्या. साहेब म्हणे, "रामबाई, हा आपला पेशंट आहे का कारागीर?"

काऊन पेत होता, ते मले विचारू नका. तो म्हणे, जिनात रुईचा फुफाटा घशात बसते, घसा मोकळा कराले पेतो. लोक म्हणत, पयला पोरगा तापानं गेला तवापासून पेते. पोरगा गेला हे खरं. पण पोरगा विमलचाही गेलता, ती कोठी पेली? मी त्याले तोंडावर म्हटलं हे. तो खाटीची दोरी बोटानं चाचपत राह्यला. भांडखोर पेताड राह्यला असता तं माह्यानं झाडू घेऊन हाकलता आला असता. पण हा पेला का रडे, आन रडला का विमलचं नाव घे. अशा माणसाचा राग करावा तं कसा करावा?

विमल म्हणजे त्याची बायको, नाचणगावची. ठेंगणी, सावळी, तोंडातून शब्द कमी. नवऱ्याले दवाखान्यात आणलं का ती मागून भाकर बांधून येई, ओट्याच्या खांबाले टेकून बसे, मांडीवर शकू. शकू म्हणजे त्याहिची लेक, तवा बोबडं बोले. त्याले शुद्ध येईपर्यंत विमल हलत नसे. विहिरीवर बाया तिले छळत. "काय व विमल, तुह्या नवऱ्याले जनावरं बरे ओळखतात. घरी पुंगी वाजवतं का?" ती घागर भरे आन निघून जाये. पण ते बोलणं तिच्या आत जाऊन बसे, ते मले दिसे.

एका सालची गोष्ट. पाडवा उद्यावर आलता. रूपरावाले आणलं, डोक्याले खोक पडलेली, आणणाऱ्याहिनं नेहमीसारखं जनावराचं सांगतलं. साहेबानं टाके घातले. मी पट्टी बांधून राह्यली होती, तं विमल आली. आज तिच्या हातात भाकरीचं फडकं नव्हतं, गाठोडं होतं. शकू कडेवर. रूपराव शुद्धीवर होता. तिनं खाटीच्या पायथ्याशी उभं राहून सांगतलं.

"मी नाचणगावले जाऊन राह्यली. सालदाराचं साल पाडव्याले लागते आन पाडव्याले फिटते. तसं तुमचं एक साल धरलं मी. या सालात दवाखान्याच्या पायरीवर तुमचा पाय पडला नाई, तं पुढच्या पाडव्याले मी येईन, पोरीले घेऊन येईन. एकदा जरी पडला, तं मंग माही वाट पाहू नका."

मलेच राहवलं नाई. म्या म्हटलं, "अवं, दवाखान्याचं काय घेऊन बसली? दारूचं म्हण ना."

"दारूचं खोटं सांगता येते, मावशी," ती म्हणे. "सारं गाव त्याहिच्यासाठी खोटं सांगते. दवाखान्याचं कसं सांगतीन? दवाखाना सडकेवर हाये. आलेला माणूस साऱ्याहिले दिसते."

मले ते बोलणं पटलं. तिच्या जागी मी राह्यली असती तं म्याही तसंच म्हटलं असतं. ती गेली. रूपराव तिच्या पाठीकडे पाहत राह्यला, आन मंग एकदम उठला. पट्टी अर्धी बांधेल, एक टोक खांद्यावर लोंबत होतं. म्या म्हटलं, "अरे, कोठी चालला? बस." तो म्हणे, "उद्यापासून साल लागते मावशी. आज रात इथं काढली तं उद्या सकाळी मी पायरीवरच राहीन." आन गेला. लोंबती पट्टी हातात धरून सडकेनं गेला.

लोक म्हणत, आखाडीच्या सणापर्यंत टिकन. म्याही तेच म्हटलं, खोटं कायले सांगू.

पयले दिवस वाईट गेले. घराचं दार लावून पडला. ड्युटी सुटली का मी ताक नाईतं ज्वारीची आंबील घेऊन जायची. घामानं भिजलेला राहे, भिंतीकडे बोट करे, "मावशी, मुंग्या पाहा किती." भिंतीवर काईच नसे. हात असे उडत का वाटी दाताले लागे. म्या म्हटलं, "बापा, साहेबाकडे चाल. पेला नाईस तं भ्या कायले?" नाई म्हणे. म्या शिशीत औषध भरून आणलं, साहेबानंच देल्लं होतं. तेही नाई घेतलं. "शिशी दवाखान्याची हाये. शिशी पाहून कोणी नाचणगावले सांगन." मी तणतणत घरी आली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, कारण त्याच्या घरात दुसरं माणूसच नव्हतं.

मंग मुंग्या गेल्या. एक दिवस पाहतो तं ओट्यावर बसून सुतळी वळून राह्यला होता. हात कापत होते, सुतळी गाठाळ येत होती. उसवे आन पुन्हा वळे. पोळा आला तवा ते सुतळी सरळ येऊन राह्यली होती.

दवाखाना त्यानं असा सोडला का सोडला. श्रावणात ताप भरला, अंगावर भाजी शिजवावी इतका, तरी नाई आला. वावरात कुऱ्हाड पायावर बसली तं हळद दाबून फडकं गुंडाळलं. मी पाय पाह्यला आन भडकली. "अरे, दवाखाना काय भट्टी हाये का? पाय सडला तं विमल काय तुह्या सडक्या पायाची पूजा करन?" तो म्हणे, "तिनं दवाखाना म्हटला, मावशी. ताप आन कुऱ्हाड वगळून म्हटलं नाई." हिंगणघाटले जायचं झालं तं दवाखान्यासमोरून जायचा नाई, मागच्या वावरातून वळसा घाले, चिखल तुडवत. "तिनं पायरी म्हटली, मी सडकही ठेवत नाई," म्हणे. असा हा येडा.

सांजच्या वक्ती तो माह्या अंगणात येऊन बसे. मांडीवर अंबाडी वळत राहे आन विमलचं बोले. विमल भाकर थापते तं कडा कशा पातळ येतात. विमल हसते तं दाताले पदर लावते. शकू झोपेत कशी पाय मारे. जवळ होती तवा हेच माणूस नाल्याकडे पळे, आन आता तिच्या भाकरीच्या कडा सांगे. मले कदी हसू येई, कदी माहं आपलं आठवे. माहा जंगू, माहा नवरा, चांद्याकडे बांबू तोडायले गेलता तो गेलाच. कोणी म्हणे तिकडेच दुसरं घर केलं, कोणी म्हणे तापानं मेला. माणसाची वाट पाहणं कसं राहते ते मले ठाऊक हाये. दार वाजलं का जीव उठून बसते, आन दारात शेजारणीची बकरी राहते. म्हणून म्या त्याले एकदाही पुरे कर म्हटलं नाई.

नाचणगावले निरोप जायचा तो प्रेमदासाच्या हातानं. प्रेमदास बंडीवाला, त्याची बहीण नाचणगावाजवळच्या पुलगावले देल्लेली. तो तिकडे गेला का विमलच्या दारात उभा राहून सांगून येई, अजून दवाखाना पाह्यला नाई म्हणून. विमल ऐकून घे, पाणी देई, पण उलटा निरोप देत नसे. असं किती महिने चाललं. मंग संक्रांतीच्या सुमाराले प्रेमदास परत आला आन रूपरावाले म्हणे, "निरोप हाये गा तुह्यासाठी. म्हणे, खाट ढिली झाली असन, कसून ठेवा."

रूपरावानं त्याच्या हातातली बैलाची दोरीच धरली. "कशी म्हणाली? हसून म्हणाली का तशीच?"

"अगा, मी काय तिचं तोंड पाहत होतो? ती आत वळता वळता म्हणाली."

"आत वळता वळता," रूपराव म्हणे. ते त्यानं दिवसभर म्हणून घेतलं. माह्याकडे आला तवाही तेच. "मावशी, आत वळता वळता म्हणाली. म्हणजे तिच्या मनात आधीपासून होतं, तोंडातून जाता जाता निघालं." मी म्हटलं, हो बाबा, तसंच असन.

जुनी खाट कसणं त्याच्या मनाले आलं नाई. नवीच कराची म्हणे. सागाचे पाय आणले, स्वतः तासले. अंबाडीच्या पेंढ्या नाल्यात भिजवल्या, सोलल्या, वाळवल्या, घराच्या मागं भिंतीले लावून ठेवल्या. त्या सुतळीले एक गाठ नव्हती. चौकडीचं विणकाम केलं, मधात फूल काढलं. म्या हात फिरवून पाह्यला. एवढी चांगली खाट मी साहेबाच्या घरीही पाह्यली नाई. फक्त पायथ्याची दावण तेवढी राह्यली होती. ते पाडव्याच्या सकाळी ओढतो म्हणे, ताजी ओढली तं पयल्या दिवशी टणक लागन.

पाडवा आला. दवाखान्याले सुट्टी नसते, पण साहेब म्हणे, "जा रामबाई, आज तुझ्या भाच्याकडे पाहुणे आहेत ना." रूपराव मले मावशी म्हणे, म्हणून तो माहा भाचा. साहेबालेही ठाऊक होतं. साऱ्या गावाले ठाऊक होतं. रूपरावानं अंगण सारवलं होतं, रांगोळी काढली होती, वाकडीतिकडी, गुढी उभी केली होती. सकाळी जाताना म्या पाह्यलं तवा तो नवा सदरा घालून अंगण झाडत होता, आन मले म्हणे, "मावशी, अंबाडीची भाजी टाकली हाये. शकू खाईन का व?" तवा त्याले काईच झालं नव्हतं. त्याचं ते तोंड मले अजून दिसते. साल फिटलेल्या सालदाराचं तोंड होतं ते.

मागाहून पेंढी पाहून आन शेजारीण बोलली त्यावरून जे समजलं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाले कोडं पडाले नको. दावणीले सुतळी कमी पडली. तो घरामागं गेला, पेंढी उचलाले, आन पेंढीत नाग होता. पायाच्या घोट्यावर डसला. रूपरावानं त्याच पेंढीतली सुतळी घेतली, घोट्याच्या वर करकचून बांधली, धोतर खाली सोडलं आन पुढं येऊन ओट्यावर बसला. शेजारीण त्याच्यासमोरून पाणी घेऊन गेली. तो तिले बोलला नाई. दवाखाना हाकेवर होता. बोलला असता तं गावानं उचलून नेलं असतं, आन तेवढ्यात बंडी आली असती तं विमलले कोणी सांगतलं असतं का रूपराव दवाखान्यात हाये, जनावर डसलं. अगदी याच शब्दात सांगतलं असतं. तिनं घरची पायरी चढली का साल पुरं झालं, मंग दवाखाना चालन, असा त्यानं हिशोब केला असन. बंडी येईपर्यंत तग धरू, असं त्याले वाटलं असन.

मी दवाखान्यातून निघाली आन त्याच्या अंगणात पाय ठेवला, तं मागून घुंगरं वाजले. प्रेमदासाची बंडी. विमल समोर बसेल, शकू तिच्या मांडीवर, चांगली उंच झालेली. विमलनं हिरवं लुगडं घातलं होतं. तिनं ओट्याकडे पाह्यलं आन तिच्या तोंडावर जे आलं ते म्या सालभर त्याच्या तोंडावर पाह्यलं होतं. मले बरं वाटलं. आता माहं काम संपलं, असंही वाटलं.

रूपराव उठला. उठला आन एका बाजूले कलला, खांब धरला. पुन्हा सरळ झाला. डोळ्याच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या, वर उचलत नव्हत्या. तोंडातून लाळ. "ये... वि... ये," जीभ जड, शब्द एकमेकात गुंतलेले. एक पाऊल पुढं टाकलं ते भलतीकडेच पडलं.

विमलनं एक पाय बंडीच्या खाली टाकला होता. तो तिनं वर ओढून घेतला. तोंड पांढरं झालं तिचं. रागानं नाई बोलली, अगदी हळू बोलली. "प्रेमदासभाऊ, बंडी फिरवा."

माह्या तळपायाची आग मस्तकाले गेली. सालभर आंबील पाजली मी, आन आजच्या दिवशी? मी ओट्यावर चढली, त्याची हनुवटी धरली. "मेल्या, आजचा एक दिवस तुले दम निघाला नाई?" आन सवयीनं, दुसरं काई नाई, नुसत्या सवयीनं, माहं नाक त्याच्या तोंडापाशी गेलं.

वास नव्हता.

कच्च्या कांद्याचा होता. तंबाखूचा होता. म्या पुन्हा घेतला. मोहाचा नाई, कशाचाच नाई. त्यानं माह्याकडे पाहाचा यत्न केला, पापण्या उचलत नव्हत्या त्याच्या. "पेलो... नाई... मावशी," एवढं म्हणाले त्याले लय वेळ लागला. मंग माही नजर खाली गेली. धोतराखाली पाऊल सुजून काळंनिळं झालेलं. म्या धोतर वर केलं. सुतळी मांसात रुतेल होती, त्याची स्वतःची, बिनगाठीची.

प्रेमदासानं बैल वळवले होते. म्या हाक मारली. "विमल, उतर. इकडे ये. माह्यावर इस्वास ठेवू नको, तुहं तू पाहा. वास घे याच्या तोंडाचा."

ती आली. कशी आली ते तिले ठाऊक. त्याच्या तोंडाशी तोंड नेलं तिनं, साऱ्या गावासमोर. तिथंच थांबली. मंग तिनं माह्या हातातला त्याचा पाय पाह्यला आन तिच्या तोंडातून आवाज निघाला, शब्द नव्हता तो.

"चाल, उचला याले," म्या म्हटलं. आम्ही त्याले धरलं, तं त्यानं खांब सोडेचना. मान हालवे. "दवा...खाना... नाई." बोटं खांबाभोवती आवळलेले. प्रेमदास ओढून राह्यला, मी ओढून राह्यली, निघेनात. मंग विमल त्याच्यासमोर बसली. पदरानं त्याची लाळ पुसली. म्हणे, "मी आली. हे पाहा, घरच्या पायरीवर बसली मी. साल फिटलं तुमचं. आता मी म्हणतो, चाला दवाखान्यात. मी संग येतो." त्यानं ऐकलं. बोटं आपोआप सुटली.

बंडी दवाखान्याशी आली तवा साहेब जेवत होता. आतून आवाज आला, "काय रामबाई, पाडव्यालाही जनावर का?" आन मंग नेहमीसारखं, "वास?"

"वास नाई साहेब," म्या म्हटलं. रूपरावासाठी हे शब्द माह्या तोंडातून पयल्यांदा निघाले होते. ताट खाली पडल्याचा आवाज आला. साहेब खरकट्या हातानं धावत आला. होती ते सुई टोचली, दुसरी आणाले प्रेमदासाले हिंगणघाटले पाठवलं. साहेबानं आपल्याकडून काई कमी केलं नाई, हे मी कोणापुढेही सांगीन. पण जहर छातीपर्यंत आलतं. कोपऱ्यातली खाट, जे त्यानंच कसून ठेवली होती, तिच्यावरच तो होता. विमल उशाशी बसून त्याचा श्वास मोजून राह्यली होती, आन शकू पायथ्याशी, आपल्या बापाले नवलानं पाहत. दुपार ढळता ढळता श्वास थांबला. प्रेमदास परत आला तवा बैल फेसाळले होते आन कामाचं काई उरलं नव्हतं.

शुद्ध होती तवर त्यानं एकच गोष्ट केली. विमलचा हात त्याच्या हातात होता, तं त्यानं तो हळूहळू आपल्या तोंडापाशी नेला आन त्याच्यावर फुंकर मारली. लोकाहिले समजलं नाई. मले समजलं, आन तिलेही समजलं.

विमल नाचणगावले परत गेली नाई. भाऊ न्यायले आला, तिनं त्याले जेवू घालून लावून देल्लं. आता गाव तिले काई म्हणत नाई. विहिरीवरच्या बाया तिची घागर आधी भरू देतात. दवाखान्यात जनावर डसलं म्हणून खोटं सांगणंही बंद झालं. आता पेलेला आणला का लोक खाली मान घालून सांगतात, पेला हाये बाई, पाहा काय ते. साहेब चौकीवर कळवते का नाई ते मी पाहत नाई. माहं नाक आता पट्ट्या उकळाच्या वासातच राहते.

शकू आता मोठी झाली, सुतळी वळते, बापासारखी सरळ वळते. ते नवी खाट घरात हाये. दावण अजून ओढलेली नाई. विमल तशाच ढिल्या खाटीवर निजते. म्या एकदा म्हटलं, प्रेमदास ओढून देईन. ती म्हणे, राहू द्या.

सांजच्या वक्ती ती माह्या अंगणात येते, तो बसे तिथंच बसते. इकडचं तिकडचं बोलते, कापूस किती निघाला, शकूचा परकर आखूड झाला. मंग विचारते. किती वर्षं झाले, रोज विचारते.

"मावशी, दारूचं म्हणाले पायजे होतं ना म्या? दवाखान्याचं काऊन म्हटलं?"

मी म्हणतो, "तुह्या जागी मी राह्यली असती तं तेच म्हटलं असतं." हे खरं हाये, म्हणून म्हणतो. पण त्यानं तिचं भागत नाई. ती दुसरं विचारते, जे विचारायले ती खरं तं आलेली राहते.

"वास कशाचा होता व मावशी?"

"तू घेतला ना स्वतः."

"घेतला. तरी तुम्ही सांगा."

"कच्च्या कांद्याचा," मी सांगतो. "आन तंबाखूचा. दुसरा कशाचाच नाई."

ती मान हालवते. मंग उठते, लुगड्याची माती झटकते आन शकूले जेवू घालाचं हाये म्हणून घरी जाते.